हेडफोनवर फाडतो, गाडीवर फुसका: हार्ड बेसचं नेहमीचं दुखणं

तक्रार दर वेळी एकाच साच्यातली असते. सिरम किंवा व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये बेस बनवला, हेडफोनवर ड्रॉप (गाण्यात बीट आणि बेस एकदम कोसळतो ती जागा) अंगावर येतो. तोच ट्रॅक पेनड्राइव्हवर टाकून मंडळाच्या डीजेच्या गाडीवर, चार बेस चार टॉपवर (खालच्या आणि वरच्या आवाजाचे बॉक्स) लावला की सगळं फुसकं. कधी नुसती घूं-घूं राहते. कधी वरची किरकिर ऐकू येते पण पोटात काहीच बसत नाही. कधी एका नोटेला दणका बसतो आणि पुढच्या नोटेला बेस कुठे गेला तेच कळत नाही. गणपती जवळ आले की नाशकात सिडको, पंचवटी, पार देवळाली कॅम्पपर्यंत रिमिक्स करणाऱ्या पोरांचा हाच प्रश्न असतो, आणि त्यावर तोडगा म्हणून जो तो आणखी एक प्रीसेट पॅक (तयार आवाजांचा संच) उतरवतो.

प्रीसेटने हे दुखणं जात नाही, कारण ते बहुतेक वेळा प्रीसेटमध्ये नसतंच. एकाच आवाजाला आपण दोन कामं सांगतो: खाली ५० हर्ट्झला जमीन हलव आणि वर हजार हर्ट्झला गुरगुर. या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या उलट्या आहेत. खालच्याला एकाच जागी ठाम उभं राहायचं असतं, वरच्याला सतत हलायचं असतं. बेसमधला राग, चावा, फाडणं जे काही म्हणाल ते साधारण १५० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहतं. सबमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या थरात, राग नसतो, नुसतं वजन असतं. एवढं मान्य केलं की पुढचं सगळं शोधकाम सोपं होतं.

आधी दुखणं कुठे आहे ते पकडा

एकही नॉब फिरवण्याआधी ट्रॅक वेगवेगळ्या प्रकारे ऐका. पहिलं, मोनोत, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टरचा स्टिरिओ सेपरेशन नॉब पूर्ण उजवीकडे नेला की आवाज मोनो होतो. तेवढ्याने बेस पातळ झाला, तर गडबड स्टिरिओ आणि फेजची (लहरी एकमेकींच्या पुढेमागे असण्याची) आहे. दुसरं, मोबाइलच्या स्पीकरवर. तिथे ड्रम ऐकू येतात पण बेसलाइन गुणगुणता येत नाही, तर तुमचा मिड (मधला पट्टा) रिकामा आहे. तिसरं, बेस सोलो करून आणि मग किक, ढोल सगळं चालू करून. सोलोत भारी आणि मिक्समध्ये चिखल, तर जागेचं भांडण. आणि मोनो, मोबाइल, मित्राची गाडी सगळीकडे ठीक असून फक्त तुमच्या खोलीत काही नोटा दणकत असतील, तर आवाजाला हात लावू नका. खोली खोटं बोलतेय.

एक साधी तपासणी मात्र सगळ्यांच्या आधी: सिंथ पॉलीवर (एका वेळी अनेक नोटा) आहे की मोनोवर (इथे अर्थ, एका वेळी एकच नोट)? पियानो रोलमध्ये दोन नोटा थोड्या एकमेकींवर चढल्या असतील किंवा रिलीज लांब असेल, तर प्रत्येक नोटेच्या सुरुवातीला दोन सब एकदम वाजतात आणि आपसात लढतात. व्हॉइस एकवर आणा, लेगाटो चालू करा. नुसत्या एवढ्याने सुटणाऱ्या तक्रारी पुष्कळ असतात.

एका बारला आहे, दुसऱ्याला नाही: फेज आणि डीट्यून

हेडफोनमध्ये डावा आणि उजवा चॅनल म्हणजे वाटणी झालेले भाऊ. समोरासमोर येतच नाहीत, त्यामुळे भांडणही होत नाही. गाडीवर बेस बॉक्सना सिग्नल सहसा मोनोच जातो. तिथे दोन्ही चॅनलची बेरीज होते आणि उलट्या फेजचं जे असेल ते वजा होतं. सात व्हॉइसचा युनिसन (एकाच नोटेच्या सात प्रती), त्यांचा डावा-उजवा स्प्रेड पूर्ण उघडा, वरून कोरस किंवा वायडनर, हे सगळं तुम्ही वरच्या भागासाठी लावलेलं असतं. पण ते ५० हर्ट्झलाही लागू झालेलं असतं.

मोनो करूनही एक भानगड उरते, ती डीट्यूनची. ज्याला सगळे रीस बेस म्हणतात त्याचं मूळ डेट्रॉईटच्या केव्हिन सॉंडरसन यांच्याकडे जातं. १९८८ मध्ये त्यांनी रीस या नावाने केलेल्या रेकॉर्डवरचा तो बेस पुढे जंगल आणि ड्रम अँड बेसवाल्यांनी उचलला. मुळात कल्पना साधी: दोन लहरी, एकमेकींपासून जराशा सरकवलेल्या. आता हिशोब करून बघा. ४९ हर्ट्झचा जी घ्या. (एफएलच्या पियानो रोलमध्ये तो जी-२ म्हणून दिसतो, इतर ठिकाणी जी-१, एफएलमध्ये मिडल सीला सी-५ म्हणतात म्हणून. ट्युटोरियल बघून नोटा टाकताना इथे बरेच जण एक ऑक्टेव्ह चुकतात.) एक सॉ (करवतीच्या दात्यांसारखी लहर) दहा सेंट वर, दुसरी दहा सेंट खाली; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. वीस सेंटचा फरक म्हणजे ४९ हर्ट्झला सुमारे ०.५७ हर्ट्झ. म्हणजे मूळ सूर साधारण पावणेदोन सेकंदांत एकदा पूर्ण भरतो आणि एकदा जवळपास शून्यावर जातो. १४० बीपीएमला एक बार १.७ सेकंदांचा असतो. थोडक्यात, प्रत्येक बारमध्ये तुमचा सब एकदा बेपत्ता होणार, हे गणितानेच ठरलेलं आहे.

तीच गोष्ट विसाव्या हार्मोनिकला, म्हणजे मूळ सुराच्या वीसपट वर, बघा. तिथे, ९८० हर्ट्झच्या आसपास, तोच वीस सेंटचा फरक सेकंदाला अकराबारा ठोके देतो, आणि ती थरथर म्हणजेच रीसची मजा. एकच डीट्यून वर जीव आणतो आणि खाली जीव घेतो. म्हणून डीट्यून कमी करत बसू नका, वर तो हवाच आहे. खालून तो काढा.

काढायचा म्हणजे सब वेगळ्या चॅनलवर घ्यायचा. एक साइन वेव्ह, युनिसन १, स्प्रेड नाही, कोरस नाही, रिव्हर्ब तर अजिबात नाही. फेज रँडम शून्यावर. सिरम आणि व्हायटल दोन्हीकडे फेज मुळात रँडम ठेवलेली असते, म्हणजे प्रत्येक नोट लहरीच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होते. सबसाठी हे वाईट, कारण किकशी त्याचं जुळणं दर वेळी बदलतं. अटॅक पूर्ण शून्य ठेवला तर सुरुवातीला टिक येऊ शकतो, तीन ते पाच मिलिसेकंद पुरेत. ४९ हर्ट्झची एक लहर वीस मिलिसेकंदांची असते, तेव्हा एवढ्याने दणका कमी होत नाही.

मग मिडच्या चॅनलवर १२० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), उतार ऑक्टेव्हला २४ डीबी. उतार बारा ठेवला, किंवा बेसलाइन ९८ हर्ट्झच्या जीपर्यंत वर चढत असेल, तर सब आणि मिड त्या पट्ट्यात पुन्हा एकमेकांत मिसळतात. अशा वेळी मिडच्या मिक्सर ट्रॅकवरचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण दाबून बघा आणि ज्यात बेस भरीव लागेल ते ठेवा. इथे कानच खरा.

घूं-घूं आहे, पण चावा नाही

इथे थांबून नीट बघण्यासारखं आहे, कारण हार्ड बेसचा खरा खेळ याच भागात आहे आणि घाई इथेच होते.

बहुतेक जण पूर्ण बेस एका डिस्टॉर्शनमध्ये घालून ड्राइव्ह चढवतात. सब मोठा असतो, म्हणून डिस्टॉर्शनला आधी तोच दिसतो; वरचा सगळा तपशील त्या खालच्या लहरीवर स्वार होऊन कापला जातो. ऐकताना वाटतं आवाज जाड झाला, प्रत्यक्षात वरची हालचाल मेलेली असते. सब वेगळा केल्यावर तोच ड्राइव्ह, तोच प्लगिन मिडवर लावा. फरक ऐकायला अॅनालायझर लागत नाही.

दुसरा घोळ क्रमाचा. फिल्टर आधी की डिस्टॉर्शन आधी? सिरम आणि व्हायटल दोघांच्याही डिस्टॉर्शन मोड्युलमध्ये फिल्टर आधी किंवा नंतर लावायची सोय आहे, आणि त्या छोट्याशा बटणावर निम्मा आवाज ठरतो. लो-पास (एका जागेच्या वरचं कापणारा फिल्टर, ती जागा म्हणजे कटऑफ) आधी असेल तर कटऑफ हलला की डिस्टॉर्शनला मिळणारं खाद्य बदलतं: बंद असताना जवळपास साइन जाते आणि गुळगुळीत घरघर येते, उघडताना सगळं फाटतं. ही झाली ग्राउल. लो-पास नंतर असेल तर फाटलेल्या आवाजावरून नुसता पडदा सरकतो, आणि तो वॉब ऐकायला २०१० सालातला वाटतो. माझं मत सांगायचं तर हलणारा फिल्टर आधी ठेवा, नंतर ६ ते ८ किलोहर्ट्झला एक स्थिर लो-पास द्या, म्हणजे वरची वाळू गळून जाते.

सुरुवात करायला एक पॅच देतो, सिरममधला. ऑसिलेटर ए वर सॉ, वॉर्पमध्ये एफएम फ्रॉम बी. ऑसिलेटर बी वर साइन, एक ऑक्टेव्ह वर, चालू ठेवायचा पण लेव्हल शून्य. तो ऐकू यायचा नाही, त्याने फक्त ए ला हलवायचं. एफएमचं (एका ऑसिलेटरने दुसऱ्याला हलवण्याचं) प्रमाण एलएफओने (नॉब आपोआप फिरवणाऱ्या मंद लहरीने) हलवा, तोच एलएफओ थोडासा फिल्टरच्या कटऑफलाही द्या. स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांना १९६७ मध्ये सापडलेलं हे तंत्र १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने घरोघरी नेलं, आणि त्याचा नियम आजही तोच आहे: दोन ऑसिलेटरचं गुणोत्तर पूर्णांकात असेल तर सूर टिकतो, नसेल तर आवाज घंटेकडे, पत्र्याकडे झुकतो. तेव्हा 'बेस बेसूर वाटतो' अशी तक्रार असेल तर आधी बी चा फाइन ट्यून शून्यावर आहे का ते बघा. कुणीतरी तो जिवंतपणासाठी सात-आठ सेंट सरकवलेला असतो.

बेस बोलल्यासारखा हवा असेल तर डिस्टॉर्शननंतर इक्यूमध्ये (पट्टे कमी-जास्त करणाऱ्या प्लगिनमध्ये) दोन अरुंद उंचवटे काढा. पुरुषी आवाजातला 'आ' साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झला असतो, 'ई' साधारण ३०० आणि २३०० ला. दोन्ही उंचवटे एलएफओने एका जागेवरून दुसरीकडे न्या, बेस 'आऽई' म्हणायला लागतो. उंचवटे आठ-दहा डीबींपर्यंत गेले तरी घाबरू नका. मात्र दोन्ही एकाच वेगाने हलवू नका, तसं केलं की नुसता वाह-वाह पेडल ऐकू येतो.

आवाज कर्कश आहे पण रागीट नाही, अशीही तक्रार येते. तिथे संशय एलियासिंगचा घ्या. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २२.०५ च्या वर आवाज राहूच शकत नाही. डिस्टॉर्शनने त्याच्यावर तयार केलेले हार्मोनिक परत खाली दुमडून येतात, आणि ते सुरात नसतात. ओळखायची युक्ती: पिच हळूहळू वर न्या. आवाजातली एखादी शिट्टी वर जाण्याऐवजी खाली येताना ऐकू आली, तर ते एलियासिंग. सिरमच्या ग्लोबल पानावर क्वालिटी वाढवा, व्हायटलच्या अॅडव्हान्स्डमध्ये ओव्हरसॅम्पलिंग चढवा, बाहेरच्या डिस्टॉर्शन प्लगिनला तशी सोय असेल तर तिथेही. लॅपटॉप धापा टाकायला लागला तर ऑडिओ बाउन्स करा. हार्ड बेस करणारे तसंही रिसॅम्पलिंगवरच (बाउन्स केलेला आवाज पुन्हा वापरण्यावरच) जगतात.

मिड जमला की नाही याची परीक्षा सब बंद करून मोबाइलवर. मोबाइलचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तरीही बेसलाइनचे सूर ओळखता आले पाहिजेत. ९८, १४७, १९६ आणि त्यावरचे हार्मोनिक नीट असले तर मेंदू खालचा ४९ स्वतः भरून घेतो.

ओटीटीबद्दल थोडक्यात

ओटीटी (खालचा, मधला, वरचा पट्टा वेगवेगळा दाबून उचलणारा कॉम्प्रेसर) पूर्ण डेप्थवर ठेवू नका, वीस-तीस टक्के बस. सबवर लावू नकाच. मास्टरवर टेम्प्लेटमधला लिमिटर आधीच बसलेला आहे का तेही बघा. तो सबवर दबत असेल तर प्रत्येक किकबरोबर अख्खा ट्रॅक बुडी मारतो आणि दोष बेसला जातो. आणि डिस्टॉर्शननंतर वेव्हफॉर्म मधल्या रेषेच्या वर किंवा खाली सरकलेला दिसला तर तो डीसी ऑफसेट, २० हर्ट्झचा हाय-पास लावून मोकळे व्हा.

दहा बाय दहाची खोली

पाथर्डी फाटा असो की म्हसरूळ, फ्लॅटमधली बेडरूम बहुधा दहा बाय दहा नाहीतर दहा बाय बारा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला ६.१ ने भागलं की ५६ हर्ट्झ येतात. त्या खोलीत ५६ हर्ट्झ भिंती-भिंतींत अडकून फुगतो, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्या तर दुप्पट जोमाने. ५५ हर्ट्झचा ए बरोबर तिथेच पडतो. म्हणून ए मधला ट्रॅक खोलीत दणदणीत वाटतो, तुम्ही सब कमी करता, आणि मैदानात तो उपाशी निघतो. उलट खोलीच्या अगदी मध्यावर बसलात तर तोच ५६ गायब, मग तुम्ही सब चढवता आणि बाहेर घूं-घूं होते. बारा फुटांच्या बाजूला हाच हिशोब ४७ हर्ट्झ देतो, म्हणजे एफ शार्पची पाळी.

फोमचे पातळ चौकोन याला काही करत नाहीत, ते वरच्या पट्ट्याचं औषध आहे. खुर्ची लांबीच्या साधारण एकतृतीयांशावर सरकवा आणि सबची पातळी हेडफोनवर, अॅनालायझरमध्ये, किकच्या तुलनेत ठरवा. पैसे असतील तर कोपऱ्यात जाड रॉकवुल.

खोली बाजूला ठेवली तरी ट्रॅकची पट्टी निवडताना बॉक्सचा विचार करा. गाडीवरचे बरेच बेस बॉक्स ४० हर्ट्झच्या खाली ढेपाळतात. सी मध्ये ट्रॅक केला तर खालचा सी ३२.७ हर्ट्झचा, तो वाजतच नाही, वरचा ६५.४ चा, तो वाजतो पण हलका. ई पासून ए पर्यंत, ४१ ते ५५ हर्ट्झ, ही सुरक्षित जागा.

ढोल आला की सगळं बिघडतं

हे खास आपल्याकडचं. ड्रॉपमध्ये नाशिक ढोलाचा लूप टाकल्याशिवाय इथे कुणाचा रिमिक्स पूर्ण होत नाही, आणि बेसच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. ढोलाच्या जाड पानाचा धम खालच्या पट्ट्यात बसतो, टिपरूचा कडाका मिडमध्ये, आणि ताशा त्याच्याही वर, जिथे तुमच्या ग्राउलचा चावा आहे तिथेच. म्हणजे ढोल-ताशाने बेसच्या दोन्ही जागा आधीच घेतलेल्या असतात. त्यात लूप बऱ्याचदा मिरवणुकीत रेकॉर्ड केलेला असतो, त्यात रस्त्याची गुंज आणि पंधरावीस ढोलांचे मागेपुढे पडलेले ठोके असतात.

इथे दोघांना खूश करायचा प्रयत्न सोडा. ठोक्याठोक्याला एकच राजा. ढोल राजा असेल तर त्याचा धम अॅनालायझरवर कुठे उठतो ते बघा, आणि ढोलाच्या ठोक्यावर सब साइडचेनने (एक आवाज आला की दुसरा आपोआप दाबण्याच्या सोयीने) पूर्ण खाली घ्या, किकसाठी घेता तसाच. रिलीज इतका ठेवा की पुढच्या ठोक्याआधी सब परत वर येईल. बेस राजा असेल तर ढोलाला १५०-२०० हर्ट्झचा हाय-पास लावा. एकटा ऐकला तर तो डब्यासारखा वाजेल, मिक्समध्ये टिपरू पुरेसं असतं. लोकांना ढोल टिपरूवरूनच ओळखू येतो.

ताशाचं भांडण मात्र इक्यूने नीट मिटत नाही. ताशा सलग वाजत असतो, त्याला कापत गेलात तर त्याची धार जाते. त्यापेक्षा बेसची चाल बदला: ताशाची कडकड चालू असताना बेसचा कटऑफ खाली, ताशा थांबतो त्या जागी ग्राउल उघडा. सवाल-जवाब. एलएफओ आपोआप फिरत ठेवण्यापेक्षा कटऑफची ऑटोमेशन क्लिप हाताने काढली की हे पटकन जमतं.

गाडीवर गेल्यावर

ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: क्रॉसओव्हर कितीवर कापलाय? बेस आणि टॉपची विभागणी १०० च्या आसपास असेल आणि त्याने बेसचा गेन चढवून ठेवला असेल, तर तुमचा सब आपोआपच मोठा होणार. म्हणून ट्रॅकच्या दोन वेव्ह फाइल न्या, एक नेहमीची आणि एक सब ३ डीबी कमी केलेली. एमपी-३ नको.

आणखी एक गोष्ट. आवाजाचा मीटर डीबी-ए मध्ये मोजतो, आणि ए वेटिंग (कानाला जसं जाणवतं तसं मोजायची पद्धत) ५० हर्ट्झला जवळपास ३० डीबी कमी मोजतं. म्हणजे निवासी भागातली दिवसाची ५५ ची मर्यादा मीटरवर ओलांडताना दिसते ती मुख्यतः तुमच्या मिडमुळे आणि ताशामुळे. आवाज कमी करा असं सांगितलं की ऑपरेटर आधी टॉप उतरवतो, चावा जातो आणि परत ती घूं-घूं. शेजारच्या इमारतीतल्या आजींना भिंतीतून त्रास होतो तो मात्र सबचाच. तेव्हा टॉप उतरले की सब कमी असलेली फाइल लावा, तोल बराचसा परत येतो. रात्री दहानंतर हा प्रश्न तसाही उरत नाही. ज्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट असते ते दिवस सोडून.